बेस घ्यायचा कसा, आणि आवडत्या बेसवाल्याला भेटायचं कसं

बडोद्यात बेस, म्हणजे जाड तारांचं, खालच्या सुरांचं गिटार, वाजवणाऱ्याला काम मिळतं ते मुख्यतः नवरात्रात. बाकी वर्षभर लग्नाआधीची संगीतसंध्या, गणपतीत दांडिया बाजारच्या एखाद्या मंडळाचा मराठी ऑर्केस्ट्रा, नाहीतर कॉलेजच्या पोरांनी जमवलेला बँड. त्यामुळे ‘ताई, कुठला बेस घेऊ?’ असं कुणी विचारलं की ब्रँड सांगायच्या आधी मी उलट विचारते, मैदानात वाजवणार की खोलीत? या एका उत्तरावर निम्मी यादी गळून पडते.

मी मूळची गाण्याची. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि गवई मौलाबक्षांच्या हाती सोपवली. तिचंच पुढे सूरसागरापाशी असलेलं म्युझिक कॉलेज झालं. मी तिथे कंठसंगीत शिकले. बेस नंतर आला, तो मुक्कामालाच आला. आता आमच्या दिवाणाखाली गाद्या मावत नाहीत, बेसच्या पिशव्या असतात. आई म्हणते, ‘वाजवतेस तर एका वेळी एकच ना?’ बरोबर आहे तिचं. पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे, हे तिला अजून पटवता आलेलं नाही. तुम्हाला पटवून बघते.

आधी हात, मग वाद्य

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हा नटपासून (खुंट्यांकडची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा अडकतात ती जागा) तारेची लांबी ३४ इंच ठेवली. आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. या मापात पहिला फ्रेट (नेकवरची आडवी धातूची पट्टी, जिच्यामागे तार दाबतात) नटपासून साधारण ४८ मिलिमीटरवर येतो. ३० इंची बेसवर तोच ४३ वर येतो. पाच मिलिमीटरचं काय एवढं, असं दुकानात वाटतं. रात्री अकराला, तिसऱ्या राउंडमध्ये, काय ते करंगळी सांगते.

हात लहान असेल तरी ३४ इंची लगेच बाद करू नका. आधी बोटांची मांडणी बदलून बघा. ‘एका फ्रेटला एक बोट’ हा हिशेब गिटारवाल्यांकडून आलाय. बेसच्या खालच्या फ्रेटांवर उभ्या डबल बेसची जुनी पद्धत वापरा: पहिलं बोट, मधलं बोट, आणि अनामिका-करंगळी दोन्ही मिळून तिसरं. चार बोटांत तीनच फ्रेट घ्यायचे आणि हात सरकवायचा. सातव्या फ्रेटच्या पुढे गेलात की चार बोटं चार फ्रेटांवर बिनधास्त ठेवा. एवढं करूनही मनगट दुखलं तर ३० इंची घ्या, त्यात कमीपणा नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर ३० इंचीच होता. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी आयबानेझचा २८.६ इंची मिक्रो मिळतो. फक्त लांबी कमी झाली की जाड तार थोडी सैल लागते, तेव्हा त्यावर एक नंबर जाड तारा लावा.

आणि ‘बेन, बायकांच्या हातात हे शोभत नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याला कॅरल के आणि मोहिनी डे या दोन बेसवाल्या बायकांना ऐकायला सांगा. पुढचा वाद घालत बसू नका.

वजन हातात धरून नाही, पट्टा लावून बघायचं. चार किलोच्या आसपास असलेला बेस बरा. साडेचारच्या पुढे गेला की खांदा बोलायला लागतो. पट्टा तीन-चार इंच रुंद घ्या. बेस सोडून द्या आणि बघा, नेक जमिनीकडे झुकत असेल तर डावा हात रात्रभर वाजवण्याऐवजी नेक सावरत राहील. असा बेस कितीही देखणा असो, परत ठेवा.

चार तारा की पाच

हे ठरवायला गायकाची पट्टी विचारा. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार ई, ४१.२ हर्ट्झ. समजा गायकाचा सा काळी दोन (पेटीची दुसरी काळी पट्टी) आहे. म्हणजे खालचा सा ३८.९ हर्ट्झवर, तुमच्या शेवटच्या तारेच्या अर्धा सूर खाली. वाद्यात तो नाहीच. तुम्ही वरच्या सप्तकातला सा वाजवत राहता आणि कुणालाच कळत नाही की मैदान पोकळ का वाटतंय.

यावर दोन उपाय. चारही तारा अर्धा सूर उतरवा, मग काळी दोनचा सा मोकळ्या तारेवरच मिळतो. पण तारा थोड्या सैल होतात, जोरात छेडल्या की फ्रेटवर खडखडतात. किंवा पाच तारांचा घ्या, त्याची शेवटची तार बी, ३०.९ हर्ट्झ. काळी एकवाला गायक असेल तर पाचवी तारच हवी, त्याचा सा तिच्या दुसऱ्या फ्रेटवर सापडतो. मी मैदानात पाचवाला नेते आणि घरी चारवाला वाजवते. चारवाल्यावर तार कमी म्हणून विचार जास्त करावा लागतो, रियाजाला तेच चांगलं.

फ्रेट नसलेल्या बेसचा मोह आपल्या गाणं शिकलेल्या लोकांना फार होतो, कारण मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघते. घरी तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर सा लावून त्याच्यावर जरूर वाजवा, कान तयार होतो. गरब्यात नेऊ नका. मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्यासमोरचा स्पीकर) ढोल आणि ऑक्टोपॅडशिवाय काही ऐकू येत नाही तिथे बोट सुरावर पडलंय की नाही हे कळणार कसं?

गुणगुण कुठून येते

मैदानात वाजवणाऱ्यासाठी हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, आणि दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. लाइटचे डिमर, जनरेटर, एलईडी भिंत, यांच्या शेजारी एकेरी कॉइलचा पिकअप (तारांखालचं चुंबक, जे तारेचा आवाज उचलतं) ठेवला की तो ती गुणगुण पकडतो. आता गंमत बघा. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी सूर ४९ हर्ट्झचा असतो. म्हणजे गुणगुणीच्या अगदी शेजारचा. तो सूर लांबवला की स्पीकरमधून सेकंदाला एक अशी हलकी लाट ऐकू येते, आणि वाजवणाऱ्याला वाटतं आपली तारच उतरली. तो ट्यूनर बघतो, तार बरोबर असते, पुन्हा वाजवतो, पुन्हा लाट. असं झालं की खुंट्यांना हात लावू नका. सगळ्या तारा तळव्याने बंद करा आणि नुसता स्पीकर ऐका.

प्रिसिजनवर १९५७ पासून पिकअप दोन तुकड्यांत येतो, आणि ते दोन तुकडे एकमेकांची गुणगुण खोडतात. म्हणून मैदानासाठी मी हाच सुचवते. जॅझ बेस (फेंडरचाच, दोन पिकअपचा) घेतला असेल तर दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवा. बहुतेक जॅझ बेसमध्ये दोन्ही समान असले की गुणगुण जाते, एक थोडा जरी कमी केला की परत येते. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारा, बेस असेल तर नवरात्राच्या पहिल्या माळेलाच ९ व्होल्टची बॅटरी नवी घाला, आणि वाजवून झालं की वायर काढून ठेवा. वायर खुपसलेली राहिली की बॅटरी रात्रभर खर्च होत राहते.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी, जाड पिन मोडून टाकायची पद्धत बऱ्याच साउंडवाल्यांकडे आहे. गुणगुण जाते, पण अर्थिंगही जातं. तुमच्या हातातल्या तारा धातूच्या, समोर माइक धातूचा, पायाखाली दव पडलेली जमीन. डीआय बॉक्सवर (बेस आणि साउंडवाल्याचा मिक्सर यांच्यामध्ये जोडायची डबी) ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचा एक छोटा खटका असतो, तो दाबा. काम तेच होतं. डीआय बॉक्स स्वतःचा घ्या. तो बेसच्या पिशवीत कायम राहू द्या.

ज्या चनिया-चोली घालून वाजवतात त्यांच्यासाठी एक आगाऊ सूचना. आभल्यांचं काम बेसच्या पाठीची साल काढतं. पुरुषांच्या पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे एका जागी पडतात, आभल्यांचे सगळीकडे. जुन्या सुती ओढणीची दुहेरी घडी पाठीला लावा आणि दोन्ही टोकं पट्ट्याच्या बटणांना बांधा. चिकटपट्टी वापरू नका, घामाने तिचा डिंक रंगावर उतरतो.

पावसाळ्यानंतरची डागडुजी

बडोद्याचा मे महिना कोरडा आणि भाजणारा, जुलै-ऑगस्ट दमट. लाकूड दोन्ही वेळा हलतं. चार तारांचा मिळून नेकवर साधारण ७५ ते ८० किलोचा ताण असतो, तेव्हा नेक थोडा वाकणारच. नवरात्राच्या पंधरा दिवस आधी बघा.

बेस सुरात लावा. जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि जिथे नेक बॉडीला मिळतो तिथेही दाबा. मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात साधारण एक तृतीयांश मिलिमीटर फट हवी. जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची कांडी) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा. पावच. मग परत सुरात लावा, तासभर ठेवा, परत बघा. चावी जड लागली तर जोर करू नका, कारागिराकडे न्या. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड तारेला अडीच आणि बारीक तारेला दोन मिलिमीटर ठेवा. मैदानात हात जड पडतो, त्यामुळे याहून खाली जाऊ नका.

मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा आला तर त्या तारेची घोडी मागे सरकवा, उतरता आला तर पुढे. झालं.

तारा ४५ ते १०५ चा संच (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). गोल वेटोळ्याच्या तारा चमकदार वाजतात, चपट्या वेटोळ्याच्या मऊ. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर ज्यांचा बेस आहे ते जेम्स जेमर्सन चपट्या तारा वापरायचे, त्या तुटेपर्यंत बदलत नसत आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवत. ढोलासमोर मला चपट्याच आवडतात. साउंडवाले ‘बेन, बेस थोडो ओछो करो ने’ म्हणतात ते बऱ्याचदा गोल तारांच्या लांबणाऱ्या सुरामुळे.

आता वाजवायचं काय? गरब्याचा ताल हींच, तो सहा मात्रांचा. नवीन माणूस सहाच्या सहा भरून टाकतो. पहिलीवर सा, चौथीवर पंचम, आणि सहावीवर पुढच्या समेकडे (तालाची पहिली मात्रा) नेणारा एक छोटा सूर, एवढ्यावर पहिले चार गरबे काढा. ढोलाचा खालचा नाद आणि तुमच्या जाड तारा एकाच पट्ट्यात असतात. तिथे सूर किती वाजवला यापेक्षा तो कुठे बंद केला हे लोकांच्या पायांना आधी कळतं. हे मला कळलं ते ज्यांच्यामुळे, त्यांच्याकडे आता वळते.

भेटायला जाताना

हिंदी सिनेमाच्या गाण्यांत बेस ऐकत आपण सगळे मोठे झालो, पण राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात बेस टोनी वाझ वाजवायचे हे किती जणांना माहीत असतं? बेसवाला सहसा गायकामागे, ड्रमच्या शेजारी, अर्ध्या अंधारात असतो. त्याचा फायदा असा की त्याच्याभोवती गर्दी नसते. नीट वेळ साधलीत तर तो भेटतो.

ती वेळ म्हणजे साउंड चेक, कार्यक्रमाआधी वाद्यांचा आवाज तपासतात तो. कार्यक्रम संपल्यावर जाऊ नका. तेव्हा तो दमलेला असतो, वायरी गुंडाळत असतो, खाली टेम्पोवाला हॉर्न देत असतो. साउंड चेकमध्ये ड्रम आणि बेस सगळ्यांत आधी तपासतात, आणि गायक सगळ्यांत शेवटी, उशिरा येतात. मधला वेळ बेसवाल्याला काही काम नसतं. साडेचारच्या सुमारास जा. आयोजकांच्या मागे लागू नका, त्यांना त्या वेळी हारतुऱ्यांची चिंता असते. साउंडवाल्याला सांगा, तोच नेऊन उभं करेल.

मी ज्यांना भेटले ते मुंबईचे, दादरचे, रेकॉर्डिंगमध्ये आयुष्य घालवलेले. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. जुबिली बागेजवळच्या नगरगृहात मराठी गाण्यांचा कार्यक्रम होता. मी लवकर जाऊन मागच्या रांगेत बसले आणि साउंड चेकचं त्यांचं एक गाणं पूर्ण ऐकलं. तुम्हीही हे करा, कारण प्रश्न तिथूनच मिळतो. ‘काका, तुम्ही तारा कुठल्या वापरता?’ असं विचारलंत तर एका शब्दात उत्तर मिळेल आणि गप्पा संपतील. त्यांनी आत्ता वाजवलेल्या एका जागेबद्दल विचारा.

मी विचारलं, ‘काका, अंतऱ्यातून मुखड्यावर येताना तुम्ही समेच्या आधी सूर तोडता. ते ढोलकीसाठी का?’

त्यांनी चष्मा वर केला. ‘कुठली ग तू?’

‘इथलीच. गरब्यात वाजवते.’

‘मग तुला कळायला हवं. ढोलकी आणि मी एका खोलीत राहतो. तो बोलायला लागला की मी गप्प.’ मग बेस मांडीवर घेऊन म्हणाले, ‘तोंडाकडे बघू नकोस माझ्या. डावा हात बघ.’

डावं पहिलं बोट फ्रेटवर होतं. बाकीची तीन बोटं मी उभी धरते, त्यांची तारांवर आडवी, सैल पडलेली. सूर थांबवायचा तेव्हा ते बोट उचलत नव्हते, फक्त दाब काढत होते. बोट तारेवरच राहत होतं, तार फ्रेटवरून केसभर वर येत होती आणि आवाज कापल्यासारखा बंद. त्याच क्षणी उजव्या हाताचा अंगठा वरच्या जाड तारेवर टेकलेला, तिने मध्येच गुणगुणू नये म्हणून. ब्रिजपाशी तारांखाली फेल्टची एक छोटी घडी सारलेली होती, पेटीच्या आत लावतात तसल्या कापडाची, कडा घामाने काळ्या झालेल्या. तिने सूर आपोआप आखूड होतो. जेमर्सन यांच्या बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली फोम असायचा, तीच युक्ती. फेल्ट नसेल तर भांडी घासायच्या नव्या स्पंजची बोटभर रुंद पट्टी कापून सारा. फक्त तारेला टेकली पाहिजे, तार उचलली जाता कामा नये.

त्यांनी बेस माझ्या हातात दिला. तुमच्याही हातात देतील अशी शक्यता आहे, म्हणून तयारीने जा. वाटेत सेव-उसळ खाल्ली असेल तर साबणाने हात धुवा. अंगठी आणि घड्याळ खिशात. वाद्याला नमस्कार करून घ्या, जुनी माणसं हे बघतात. आणि वाजवायची वेळ आली की सगळं येतं ते वाजवून दाखवू नका. अंगठ्याने तारा आपटून, टाळ्या घ्यायच्या करामती तर मुळीच नकोत. एक साधा ठेका, एकाच सुरावर, दोन मिनिटं न घसरता वाजवा. मी हींच धरला. ते मांडीवर हात मारत होते, आणि चौथ्या मात्रेवर सूर लांबला की ‘अं हं’ म्हणत होते. एवढ्या ‘अं हं’वर मला वर्षभराचा रियाज मिळाला.

फोटो शेवटी मागा, एकच. आपल्या रेकॉर्डिंगची लिंक पुढे करू नका, त्यांनी मागितली तरच पाठवा. पुष्पगुच्छ नको, तो ग्रीनरूममध्येच राहतो. बडोद्याचा लीलो चिवडा न्या, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचा असतो हे सांगा.

बाहेर आलात की स्कूटर सुरू करायच्या आधी जे पाहिलं ते वहीत लिहा. बोटांची मांडणी चित्र काढून, कारण शब्दांत लिहिलेलं आठवड्याने उलगडत नाही. दुसऱ्या दिवशी मेट्रोनोम ६० वर लावा. प्रत्येक ठोक्यावर एक सूर वाजवा, आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मध्यावर, बोट न उचलता, बंद करा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. शांततेचा तुकडा प्रत्येक वेळी सारखा येतोय का, एवढंच तपासा. तो जमला की ठोका ९० करा, मग सहा मात्रांवर जा.

महिन्याभराने त्यांना फोन करून काय जमलं, काय नाही ते सांगा. आवडतं त्यांना. फक्त दुपारी दोन ते पाच करू नका. वाजवणारी माणसं तेव्हा झोपलेली असतात.